दोन शब्दांची वंशावळ

प्रत्येक धर्मग्रामाच्या कार्यालयात एक जुने कपाट असते आणि त्यात कसरीने पोखरलेल्या नोंदवह्या असतात. विवाहांची नोंद धर्मगुरूने ठेवावी, स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता-धर्ममातेची नावे लिहावीत, असा दंडक ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली घालून दिला. त्यामुळे आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाचे नावही शाईने लिहिले गेले.

अलीकडे तरुण मंडळी या वह्या पाहायला येतात. कुणाला परदेशी जाण्यासाठी दाखला हवा असतो, कुणाला घराण्याची वंशावळ मांडायची असते. आडनावापाशी बहुतेक जण अडखळतात. एकाच घराचे आडनाव एका फादरांनी ‘लोपेस’ लिहिलेले असते, त्यांच्यामागून आलेल्यांनी ‘लोपेझ’, आणि शाळेच्या दाखल्यावर ते ‘लोपीस’ होते. ‘गोन्साल्विस’चे आमच्या वसईत ‘घोन्सालविस’ झाले. लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. अक्षर बदलले म्हणून रक्त बदलत नाही, असे मी त्यांना समजावतो.

आम्हीही लोपीस. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली त्याच्याही आधीपासून आपले घराणे ख्रिस्ती आहे, असे आजी अभिमानाने सांगे. सोयरीक ठरवताना हा अभिमान हमखास बाहेर निघे. चार वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेलो असता तेथील फादरांच्या परवानगीने मी पणजोबांची नोंद शोधू लागलो. १८७० नंतरच्या एका वहीत ती सापडली. मूल म्हणून ‘पेद्रो’ एवढेच नाव होते. बाळाच्या नावापुढे आडनाव लिहिण्याची तेव्हा रीत नव्हती. ते आईवडिलांच्या नावावरून कळे. आईवडिलांच्या जागी मात्र पोर्तुगीज भाषेत दोनच शब्द होते : आईवडील अज्ञात. खाली धर्मपिता व धर्ममाता म्हणून एका लोपेस दांपत्याची नावे होती.

पोर्तुगीज भाषेत ‘लोपेस’ म्हणजे लोपोचा मुलगा. ज्याचा बाप कुणालाच ठाऊक नव्हता, त्याला धर्मपित्याने आपले हे आडनाव दिले होते.

वही मिटली तेव्हा मला घराण्याची लाज वाटली नाही; दुसऱ्याच एका गोष्टीची वाटली. दहा-बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक परगावची बाई तान्हे मूल घेऊन माझ्या कार्यालयात आली होती. मी वही उघडून मुलाच्या वडिलांचे नाव विचारले. ती खाली मान घालून उभी राहिली. “सगळी माहिती घेऊन पुढच्या आठवड्यात या,” असे म्हणून मी पेन खाली ठेवले. ती परत आली नाही. गावाहून आल्यावर मी तिची चौकशी केली. ती राहत होती त्या चाळीत तिला ओळखणारे कुणी उरले नव्हते.

पणजोबांच्या वेळच्या त्या फादरांचे अक्षर वेडेवाकडे होते. परंतु त्यांनी माहिती नाही म्हणून मूल परत पाठवले नाही. माहिती नाही एवढेच लिहिले आणि बाळाच्या मस्तकावर पाणी ओतले.

घरी थोरल्या भावाला हे सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितले. दादा बराच वेळ ओटीवर गप्प बसून राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आपल्याला कुणीतरी घरात घेतलं होतं.” त्या नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सासाठी त्याने दिलेल्या यादीत त्या दांपत्याची नावे सर्वांत वर होती.

वाचकहो, आपापल्या वह्या जरूर पाहा. तिथे मोठेपणा सापडेलच असे नाही. कुणाचे तरी ऋण मात्र सापडेल. स्नानसंस्काराच्या विधीत आईवडिलांना पहिला प्रश्न असतो तो बाळाचे नाव काय ठेवणार हा. आता कार्यालयातही मी तोच प्रथम विचारतो. वहीतले बाकीचे रकाने मागाहून भरता येतात.