भक्कम आणि मजबूत

भाषेतील काही शब्द सख्ख्या भावंडांसारखे असतात. एकाच्या जागी दुसरा सहज चालून जातो. ‘भक्कम’ आणि ‘मजबूत’ ही विशेषणे अशीच आहेत. तरीही त्यांचा स्वभाव एक नव्हे. ‘भक्कम’ म्हटले, की जाडजूड, भरीव, जागचे न हलणारे असे काही डोळ्यांपुढे येते : गडाचा बुरूज, वाड्याची भिंत. दोर मात्र बोटाएवढा बारीक असला, तरी मजबूत असू शकतो; त्याला भक्कम कोणी म्हणत नाही. ‘मजबूत’ हा शब्द अरबी भाषेतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मूळ अर्थ ‘घट्ट धरून ठेवलेला’. ‘जप्त’ हा शब्दही त्याच मुळाचा. भक्कमपणा वस्तूच्या भरीवपणात असतो, मजबुती तिच्या बांधणीत असते.

हा भेद लातूर जिल्ह्यातील किल्लारीने फार मोठी किंमत देऊन जाणला. तेथील जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद होत्या. वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद असे. उन्हाळ्यात घर गार राही. चोराचिलटांचे भय नसे. अशा घराला भक्कम म्हणणे खोटे नव्हते. परंतु भिंतीतील ओबडधोबड दगड नुसत्या मातीत बसवलेले असत. आतला आणि बाहेरचा थर एकत्र गुंतवणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपतीचे विसर्जन करून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. भिंतींचे थर एकमेकांपासून सुटले आणि माळवदे खाली आली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गवताने शाकारलेल्या हलक्या झोपड्या मात्र पुष्कळ ठिकाणी उभ्याच राहिल्या. त्यांना कधी कोणी भक्कम म्हटले नव्हते.

पुढे नव्या जागी किल्लारी पुन्हा वसली. नवी घरे बांधताना जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली लोखंडी सळयांचे सलग काँक्रीटचे पट्टे घालण्याची रीत आली. पेटीला पट्टी ठोकावी, तसे ते चारही भिंतींना एकत्र धरतात. भिंती पूर्वीपेक्षा अरुंद झाल्या, पण त्यांना एकमेकींचा आधार मिळाला.

म्हणून घर बांधणाऱ्याने भिंत भक्कम आहे ना, एवढेच विचारून थांबू नये. ती शेजारच्या भिंतीला घट्ट धरून आहे ना, हेही विचारावे.