कंसातले नाव

आम्ही दोघे भावंडे मराठीचे प्राध्यापक. ग्रामीण साहित्य शिकवताना मोटेचे वर्णन आले की नाडा, सोंदूर, धाव, थारोळे यांचे अर्थ आम्ही फळ्यावर लिहून देतो. आमच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांची निम्मी हयात या चार शब्दांत गेली. माणदेशातली शेती कोरडवाहू. विहिरीवर मोट चाले तेवढाच काय तो मळा.

१९७२ च्या दुष्काळात त्या विहिरीचा तळ दिसला. कडबा संपला तेव्हा आजोबांनी बैलजोडी बाजारात नेऊन विकली आणि दुसऱ्या दिवसापासून ते दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. घरात मिलोच्या भाकरी होत. रिकामी दावण मात्र ते रोज झाडून ठेवीत. हे सारे आम्हांला आजीने सांगितले.

परवा वाटणीच्या निमित्ताने सातबारा काढला. नमुना सातमध्ये मालकी, नमुना बारामध्ये पिके. आजोबांच्या नावाला कंस पडलेला आणि खाली आम्हा वारसांची नावे. व्याकरणात कंसात स्पष्टीकरण येते. सातबाऱ्यावर कंसात जातो तो संपलेला माणूस.

त्या उताऱ्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. एम. ए.च्या परीक्षेसाठी दुष्काळावरच्या कथांची टिपणे आम्ही त्याच घराच्या ओसरीवर बसून काढली. समोर आजोबा सुतळी वळीत बसलेले असत. आम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.