सीसीसी, बटणांच्या पलीकडचं शिकव

प्रिय ‘कोर्स ऑन कॉम्प्युटर कन्सेप्ट्स’ यास,



तुला सगळे ‘सीसीसी’ म्हणतात, मीही तेच म्हणते. महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीच्या जाहिराती चाळताना पात्रतेच्या अटींत तू हमखास भेटतोस: डीओईएसीसी सोसायटीची सीसीसी, नाहीतर एमएस-सीआयटी. त्या सोसायटीचं २०११ साली ‘नायलिट’ झालं, तरी जाहिरातींत जुनंच नाव चालू आहे.

आमच्याकडे एमएस-सीआयटीची वाट जास्त मळलेली. केंद्रात जायचं, संगणकासमोर बसायचं, अडलं तर शेजारी शिकवणारा असतो. तुझ्याकडे संस्थेत नाव न घालताही येता येतं. घरी शिकून थेट परीक्षेचा अर्ज भरला तरी चालतो, आधीच्या शिक्षणाची अट नाही. त्यामुळे ज्यांच्या गावाला दिवसातून दोनदाच एसटी येते, ज्यांना घरकाम आटोपल्यावर दुपारचा तासभरच मोकळा मिळतो, त्या बाया आणि शेतात राबणारी मुलं तुझा आधार धरतात. धडे मोबाईलवर बघायचे, सराव जमेल तिथे करायचा आणि परीक्षेला शहरात जायचं. मी एका गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्या संगणकावर सरावाला येणारे तुझे विद्यार्थी रोज पाहते. त्यांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे.

कागदावर तू फार शहाणा आहेस. तुझ्या ८० तासांत २५ तास सिद्धान्ताचे, ५ तास शंकानिरसनाचे आणि तब्बल ५० तास प्रत्यक्ष हाताने करण्याचे. संगणकाची ओळख, ऑपरेटिंग सिस्टीम, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, सादरीकरण, इंटरनेट, ई-मेल, डिजिटल व्यवहार, सायबर सुरक्षा, सगळं तुझ्यात आहे. लिबरऑफिस निवडलंस हेही मला मनापासून आवडलं. ते फुकट मिळतं, त्यामुळे शिकायला कुणाला सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, की चोरून वापरावं लागत नाही.

पण शेवटी परीक्षा काय? ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, निम्मे गुण मिळाले की पास. मग शिकणारा पळतो प्रश्नसंचांमागे. मोबाईल हातात धरून ‘कंट्रोल’सोबत कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, याची घोकंपट्टी चालते आणि समोर कीबोर्ड नसतो. घरी शिकणाऱ्याच्या बाबतीत ते ५० तास कुठे जातात, हे तू कधी विचारत नाहीस.

एक उदाहरण सांगते. बचत गटाची एक सचिव आमच्याकडे सरावाला येते. तिने लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये गटाचा हिशेब मांडला: नावं, महिन्याची बचत, दिलेलं कर्ज. बेरीज मात्र तिने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केली आणि आलेला आकडा खालच्या खान्यात टाइप केला. नंतर एका बाईची बचत दोनशेची तीनशे केली, तरी खालची बेरीज जिथल्या तिथे. बेरजेसाठी कोणतं सूत्र वापरतात, हा प्रश्न तिने प्रश्नसंचात कितीदा तरी बरोबर सोडवला होता. त्याचा आपल्या गटाच्या वहीशी काही संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला तिथेच सूत्र टाकायला लावलं. तिने एक आकडा बदलला, बेरीज बदलली. मग आणखी एक बदलला, पुन्हा बदलली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “म्हणजे ताई, ह्या खान्यात आकडा नाहीच का?”

संगणकाची संकल्पना म्हणतात ती हीच. त्या खान्यात आकडा नसतो, वरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज कर हा हुकूम असतो. एवढं उमगल्यावर दुसऱ्या दिवशी तिने कर्जावरच्या व्याजाचं सूत्र आपलं आपण मांडलं. ते तिला मी शिकवलं नव्हतं, तुझ्या कुठल्या प्रश्नसंचानेही नाही.

अशा आणखी काही गोष्टी आहेत. पहिली विजेची. पत्र टाइप करताना वीज गेली आणि मजकूर उडाला, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. संगणक हातात घेतलेलं काम रॅममध्ये ठेवतो आणि वीज गेली की रॅम रिकामी होते. डिस्कवर ठेवलेलं मात्र टिकतं. हे कळलेली मुलगी ‘सेव्ह’चं बटण पाठ करत नाही, तिला ते दाबायची गरज समजलेली असते.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. परवा एक मुलगा टायपिंगच्या दुकानातून करून आणलेला अर्ज पेनड्राइव्हवर घेऊन आला. आमच्या संगणकावर उघडला तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा. त्याला वाटलं, फाइल बिघडली. फाइल धड होती. संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. जुन्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर आपल्या अक्षरांचे नुसते आकार चढवले होते. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणपद्धतीत ‘क’ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तो नंदुरबारच्या फोनवर आणि सावंतवाडीच्या संगणकावर एकच. ‘क्ष’ मात्र संगणकाच्या लेखी तीन तुकडे आहेत: क, हलन्त आणि ष. म्हणून तो खोडताना अनेकदा तुकड्यातुकड्याने जातो. ज्याला आयुष्यभर मराठीत अर्ज लिहायचे आहेत, त्याला हे पहिल्या आठवड्यात कळायला हवं.

तिसरी गोष्ट पैशाची. तुझ्या डिजिटल व्यवहारांच्या धड्यातून एकच कल्पना पक्की झाली तरी किती घरं वाचतील! यूपीआयचा पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे द्यायला आपली संमती. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. “पैसे पाठवतोय, पिन टाका” म्हणणारा माणूस फसवतोय, हे मग कुणी वेगळं सांगावं लागत नाही. अॅप बदललं, पडदा बदलला, बटणाचा रंग बदलला, तरी ही समज बदलत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे. वर्गात शिकणाऱ्याला बटण सापडलं नाही तर शेजारचा दाखवतो. घरी एकट्याने शिकणाऱ्याला दाखवायला कुणी नसतं. आणि बटणं तर दर अपडेटला जागा बदलतात. अशा वेळी त्याच्याजवळ एकच आधार उरतो, आत काय चाललंय याची समज. म्हणून दूरशिक्षणात संकल्पना वर्गापेक्षा जास्त खोल शिकवायला हव्यात. होतं मात्र उलटंच. अंतर वाढलं की आपण पडद्याची चित्रं देतो, बाण काढतो आणि ‘इथे क्लिक करा’ म्हणून मोकळे होतो.

तेव्हा माझ्या काही मागण्या आहेत.

परीक्षेत निदान काही गुण हाताने केलेल्या कामाला दे. अर्धवट हिशेबाची फाइल दे आणि ती पुरी करून माग. मराठी अर्ज युनिकोडमध्ये लिहून घे. प्रत्येक धड्यात बटण दाखवण्याआधी ते कशासाठी आहे ते सांग.

आठवड्यातून ठरलेल्या वेळी मराठीत उत्तर देणारा एक माणूस फोनवर ठेव. ‘एरर आला’ एवढंच म्हणणाऱ्याला “पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा” असं धीराने सांगणारा माणूस हवा. निम्म्या अडचणी तेवढ्यानेच सुटतात.

आणि सरावाला जागा दे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून दूरशिक्षण चालवलं, ते नुसती पुस्तकं घरी पाठवून नाही. जोडीला अभ्यासकेंद्रंही उभी केली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याच्या आधारावर आपल्या राज्यात गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयं चालतात. जिथे चालू स्थितीतला एक संगणक आहे, तिथे तुझ्या विद्यार्थ्याला दिवसाचा तास राखून ठेवता येईल. आमचं दार उघडं आहे. तू फक्त अधिकृतपणे सांग, की हे ५० तास इथे भरून निघतील.

बचत गटाच्या त्या सचिवाबरोबर पुढच्या परीक्षेला आणखी दोघीजणी अर्ज भरणार आहेत. पास त्या होतीलच, मेहनती आहेत. प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडलं जाईल, तेही हवंच आहे. पण उद्या पंचायतीच्या कार्यालयात समोर नवा संगणक आणि अनोळखी पडदा आला, तर “मला हे शिकवलं नव्हतं” असं म्हणायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. ती जबाबदारी तुझी आहे, आणि ती पेलण्याइतका अभ्यासक्रम तुझ्याजवळ आहे. म्हणून हक्काने मागते.

कळावे, लोभ असावा.

तुझ्या विद्यार्थ्यांची हितचिंतक,
एक ग्रंथपाल