मुलाणी, शेख की वेळापूरकर?

मराठी मुसलमानांची आडनावं एका कागदावर लिहून काढली तर जुन्या बाजारपेठेतून फिरून आल्यासारखं वाटतं. तांबोळी, अत्तार, बागवान, मणेर, पिंजारी, शिकलगार, खाटीक. आडनाव विचारलं की उत्तरात धंदा मिळतो. तो धंदा आज घरात कुणी करत असेलच असं नाही. माझ्या ओळखीचे एक तांबोळी गणिताचे शिक्षक आहेत आणि पानाला हात लावत नाहीत.

तांबोळी म्हटलं की आपल्याकडे ऐकणारा बहुधा मुसलमान समजतो. पण शब्द आला तांबूलवरून, म्हणजे थेट संस्कृतातून. मणेर किंवा मणियार म्हणजे बांगड्या भरणारे, त्यांच्या मुळाशी मणी आहे. अत्तार अरबी, बागवान फारसी. पिंजारी आणि नदाफ यांचं काम एकच, कापूस पिंजायचं. एका घराला मराठी शब्द चिकटला, दुसऱ्याला अरबी, एवढाच फरक. मला सगळ्यांत आवडतं ते मुजावर. पिराच्या दर्ग्याची देखभाल करणारा तो मुजावर हे आपल्याला माहीत असतं, पण अरबीत त्याचा मूळ अर्थ शेजारी, लगत राहणारा असा आहे.

कोकणातली गोष्ट थोडी निराळी. तिथे दलवाई, परकार, मुकादम अशी आडनावं भेटतात, गावाच्या नावाला ‘कर’ लावणारी मुस्लिम घरंही पुष्कळ. 1980 साली मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अंतुल्यांच्या नुसत्या आडनावावरून तुम्ही काय ओळखणार? आमच्या देशावर मात्र गावावरून आडनाव घ्यायची पद्धत मुसलमानांत कमी. आणि आमच्या घरात जो वाद चालू आहे तो त्यावरूनच.

आम्ही वेळापूरचे, तालुका माळशिरस. गावात आम्ही मुलाणी. शब्द मौलानावरून आला असं सांगतात, पण आमच्या दादांचा थाट मौलानाचा नव्हता. मशिदीची झाडलोट, निकाह, मयत ही कामं होतीच. शिवाय जत्रेला मराठ्यांच्या, धनगरांच्या घरी बकरं कापायला त्यांनाच बोलावत. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी सुरी फिरवल्याशिवाय ते मटण घरात शिजत नसे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गाव-गाडा’त (1915) मुलाणा येतो तो असाच, गावकीच्या कामकऱ्यांत. सुगीला खळ्यावरून धान्य मिळे. थोडक्यात, मुलाणी हे आडनाव आम्हाला गावाने दिलं होतं आणि त्यात आमचं गावाशी असलेलं देणंघेणं लिहिलेलं होतं.

मग शाळा आली. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर मुलाणी लागलं. त्यांच्या थोरल्या भावाला, आमच्या बडे अब्बांना, त्याआधी शाळेत घालताना गुरुजींनी ‘शेख’ लिहिलं. मुसलमान आहे ना, मग शेख. कुणाची तक्रार नव्हती. उलट शेख ऐकायला भारदस्त वाटायचं. अरबीत त्याचा अर्थ वडीलधारा, मानाचा माणूस, आणि त्यात बकरंही नाही, सुरीही नाही. एका आईच्या दोन लेकांची दोन आडनावं झाली आणि पन्नास-साठ वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

वाटायला लागलं ते जातीच्या दाखल्यापाशी. मुलाणी ओबीसीत मोडतात. पण महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला काढायचा तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. माझ्या मुलाचं काम वडिलांच्या दाखल्यावर भागलं. बडे अब्बांची नात पुण्यात फार्मसीला आहे, तिच्या आजोबांच्या दाखल्यावर मात्र आडनाव शेख आणि जातीच्या रकान्यात नुसतं मुसलमान. त्या दोन शब्दांवर दाखला मिळत नाही. शेवटी आमच्या पणजोबांची नोंद जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात, मोडीत सापडली. मोडी वाचणारा गाठला, त्याचं लिप्यंतर जोडलं. ‘मुलाणी’ ही तीन अक्षरं दिसावीत म्हणून माझा चुलत भाऊ चार महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवत होता.

हे सगळं पार पडल्यावर ही मुलगी म्हणते, ‘चाचा, मी वेळापूरकर लावणार आहे.’

पहिली शंका सगळ्यांना आली तीच मला आली. पुण्यात खोली शोधताना शेख ऐकून फोन ठेवून देणारे घरमालक तिला भेटले होते. म्हणून लपायचंय का? ती म्हणाली, ‘लपेन कशी? माझं नाव तेच, वडिलांचं तेच. भाडेकरारावर आधार लावावंच लागतं. फक्त फोनवर पुढचं वाक्य तरी ऐकून घेतील.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आणि वेळापूर सांगितलं की तिथले लोक विचारतात, माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो तेच ना? मला ते बरं वाटतं.’

मला तिचं म्हणणं पटलं, आणि ते खोलीच्या कारणाने नाही. मुलाणी आम्हाला गावाने दिलं, शेख गुरुजींनी दिलं. स्वतः विचार करून आडनाव घेणारी आमच्यात ही पहिलीच. गाव तर तिचं आहेच. अर्धनारी नटेश्वराच्या देवळाचं, उसाचं आणि आमच्या दादांच्या कबरीचं वेळापूर एकच आहे. बायकांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी जुना. आमच्या आजीला आडनावच नव्हतं, नावापुढे नुसतं ‘बी’. रेशनकार्ड आलं तेव्हा कुठे तिला नवऱ्याचं नाव आणि आडनाव लागलं.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण मी बडे अब्बांना सांगितलं. बार्शीला 1916 साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन जो गावोगाव गाजला तो मात्र अमर शेख. पुढे त्यांच्या लेकीने, कवयित्री मल्लिका अमर शेख यांनी, नामदेव ढसाळांशी लग्न झाल्यावरही वडिलांचं ते संबंध नावच आपल्या नावापुढे ठेवलं. पटेल मागे राहिलं आणि शाहिराने लावलेलं नाव घराण्याचं झालं. गंमत म्हणजे त्यांनी शेख धारण केलं आणि आमची पोर शेख सोडायला निघाली आहे. बडे अब्बा म्हणाले, ‘ते शाहीर होते. हिला औषधं विकायचीत.’

माझी भीती व्यवहारातली आहे. राजपत्रात नाव छापून आलं की आधार, पॅन, बँक, विद्यापीठ, सगळीकडे त्याची प्रत घेऊन फिरायचं. तिचं जात वैधता प्रमाणपत्र अजून यायचं आहे, समितीपुढे पणजोबा मुलाणी, आजोबा शेख आणि मुलगी वेळापूरकर असा कागद गेला तर काय होईल? म्हणून तेवढं येईपर्यंत थांब म्हटलं. थांबली आहे, पण अर्ज भरून ठेवलाय.

परवा बडे अब्बांनी चष्मा लावून तो अर्ज वाचला. जुने नाव, नवे नाव असे दोन रकाने. एकात शेख, दुसऱ्यात वेळापूरकर. कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि तिला विचारलं, ‘यात मुलाणी कुठं लिहायचं?’