जोडकामाचे यंत्र

‘मल्टिमीडिया संगणक’ ही संज्ञा आज जवळजवळ निरर्थक झाली आहे, कारण चित्र, ध्वनी आणि मजकूर एकत्र हाताळत नाही असा संगणक आता शोधूनही सापडत नाही. परंतु 1990 नंतरच्या दशकात ही संज्ञा अगदी नेमक्या अर्थाने वापरली जात होती. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने 1991 मध्ये ‘एमपीसी’ नावाचे एक प्रमाणक ठरवण्यात आले आणि त्यानुसार 16 मेगाहर्ट्झचा 386 एसएक्स प्रोसेसर, 2 एमबी स्मृती, 30 एमबीची हार्ड डिस्क, ध्वनीसाठी वेगळे कार्ड आणि सेकंदाला 150 केबी वेगाने वाचणारा सीडी ड्राइव्ह एवढे ज्यात असेल त्यालाच ते बोधचिन्ह लावता येत असे. दोनच वर्षांनी, 1993 मध्ये, दुसऱ्या पातळीने 486 प्रोसेसर, 16 बिटांचा ध्वनी आणि दुप्पट वेगाची सीडी मागितली, तर 1996 च्या तिसऱ्या पातळीने 75 मेगाहर्ट्झच्या पेंटियमबरोबर चलच्चित्र दाखवण्याची क्षमताही आवश्यक ठरवली. त्यानंतर ही प्रमाणके कोणी विचारीनासे झाले, कारण सगळेच संगणक तसे होऊ लागले. संग्राहकाला ज्या यंत्राचे आकर्षण वाटते ते या पाच-सहा वर्षांच्या अवधीतले आहे.

भारतात या यंत्राचे जे रूप रूढ झाले ते परदेशी संग्राहकांच्या पुस्तकी कल्पनेत बसत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात कमोडोर कंपनीचा अमिगा, ॲपलचा क्वाड्रा अशी एकाच कारखान्यातून पूर्ण बांधून आलेली यंत्रे जमवली जातात, आणि मूळ खोक्यासह, मूळ पुस्तिकांसह मिळालेल्या नगाला अधिक मान असतो. इकडे मात्र घराघरांत आणि दुकानांत पोहोचलेला संगणक बहुधा ‘असेम्बल्ड’ होता, म्हणजे कॅबिनेट, मदरबोर्ड, कार्डे आणि मॉनिटर वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून स्थानिक कारागिराने जुळवलेला. मल्टिमीडिया तर पुष्कळदा त्याहूनही नंतर आला: आधी हिशेबाचा किंवा टंकलेखनाचा संगणक घेतला जाई आणि वर्ष-दोन वर्षांनी त्यात ‘मल्टिमीडिया किट’ बसवून घेतले जाई. किट म्हणजे साउंड कार्ड, सीडी ड्राइव्ह, दोन लहान स्पीकर आणि काही सीडी यांचा एकत्र खोका. तेव्हा भारतीय मल्टिमीडिया संगणक हे मुळातच जोडकाम आहे, आणि त्याची किंमत ठरवताना हे विसरले की संग्राहक चुकीच्या गोष्टीला अस्सल म्हणू लागतो.

सुरतेसारख्या कापडाच्या शहरात हे जोडकाम समजून घेणे तुलनेने सोपे जाते. संगणकाच्या पूर्वजांमध्ये गणला जाणारा जकार्डचा माग हा मुळात विणकामाचा आहे. 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जकार्ड याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे ठरवणारी योजना सिद्ध केली, आणि छिद्र आहे किंवा नाही या दोनच उत्तरांवर चालणारी तीच पद्धत पुढे हर्मन हॉलेरिथने 1890 च्या अमेरिकन जनगणनेत माणसे मोजण्यासाठी आपल्या कार्डांवर वापरली. जरी आणि साड्या यांच्या शहरात हा इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही. जुन्या संगणकाच्या पडद्याचे रहस्यही इथल्या छपाईच्या नमुनाकाराला लगेच उमगते. त्या काळातल्या बहुसंख्य खेळांचा पडदा 320 गुणिले 200 ठिपक्यांचा असे, आणि व्हीजीए कार्ड 2,62,144 छटांमधून एका वेळी फक्त 256 छटा दाखवू शकत असे; प्रत्येक ठिपक्याच्या जागी रंग साठवलेला नसे, रंगाचा क्रमांक साठवलेला असे. क्रमांक तोच ठेवून तक्त्यातली छटा बदलली की चित्र पुन्हा न काढता संपूर्ण पडदा रंग पालटतो. साडीच्या एकाच नक्षीचे सहा-आठ रंगमेळ काढण्याला सुरतेच्या बाजारात ‘मॅचिंग’ म्हणतात. पडद्यावर वाहणारे पाणी आणि पेटती मशाल दाखवण्यासाठी खेळ लिहिणारे नेमके हेच करीत होते.

शहराच्या हवामानाने मात्र या यंत्रांवर दया दाखवलेली नाही. समुद्र जवळ, तापी शहरातून वाहणारी, पावसाळा दमट आणि लांब. त्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्याला आतून गंज चढतो आणि फ्लॉपीच्या चुंबकीय चकतीवर बुरशीचे पांढुरके ठिपके उमटतात. त्यात ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरच्या दुकानांतील आणि घरांतील जुनी यंत्रे त्या गाळातून पुन्हा उभी राहण्यासारखी नव्हती, म्हणून सुरतेत पूरपूर्व काळाचा एखादा नग चांगल्या अवस्थेत मिळाला तर तो बहुधा वरच्या मजल्यावर किंवा पोटमाळ्यावर राहिलेला असतो असे धरून चालायला हरकत नाही.

यंत्र हाती आल्यावर ते लगेच विजेला जोडणे हा नवख्याचा दोष होय. अनुभवी हात प्रथम झाकण काढून मदरबोर्डवरची बॅटरी शोधतो. 386 आणि 486 च्या पुष्कळ बोर्डांवर निकेल-कॅडमियमची पिंपाच्या आकाराची बॅटरी थेट डाख देऊन, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणाने, पक्की केलेली असते, आणि वर्षांनुवर्षे पडून राहिली की तिच्यातून अल्कधर्मी द्रव पाझरून आसपासच्या तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-निळा थर दिसला की बॅटरी काढून टाकावी, त्या जागेवर पातळ व्हिनेगर लावून अल्कली मारावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावे आणि भिंगाखाली एकेक रेष मीटरने तपासावी. तुटलेल्या रेषेच्या दोन टोकांना केसासारखी बारीक तार जोडण्याचे काम रफूगाराच्या कामाशी फार मिळतेजुळते आहे: धागा कुठून निघून कुठे जात होता हे कळल्याखेरीज सुई टोचायची नसते. काही बोर्डांवर ही बॅटरी दिसतच नाही, कारण डॅलस कंपनीच्या घड्याळ-चिपमध्ये ती रेझिनच्या ठोकळ्यातच बंदिस्त केलेली असते. तिचे आयुष्य सुमारे दहा वर्षांचे, त्यामुळे आज ती मेलेलीच असते. अशा वेळी ठोकळ्याची कड कानशीने घासून आतल्या तारा उघड्या करतात आणि बाहेरून नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल जोडतात. हे काम ओबडधोबड दिसते, पण ते करताना छातीत जी धडधड होते ती अनेक वर्षांच्या सरावानेही जात नाही.

विजेचा पुरवठा करणारा भाग, सीडी ड्राइव्हचा ताणला जाऊन चिकट झालेला रबरी पट्टा, भिंगावरची धूळ ही कामे कंटाळवाणी असली तरी अवघड नाहीत. मॉनिटरचे तसे नाही. काचेच्या नळीला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ नळीत टिकून राहतो, म्हणून तिचा भार सुरक्षितपणे उतरवण्याची रीत माहीत नसलेल्याने मॉनिटरचे झाकण काढू नये. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकबद्दल मात्र सुरतेचा कारागीर सुदैवी म्हणायला हवा. आग रोखण्यासाठी मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त द्रव्यांमुळे त्या काळची करडी कॅबिनेटे उन्हाने आणि काळाने पिवळी पडतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की ती पुन्हा उजळतात. कापडाच्या विरंजनात वापरले जाणारे हे रसायन इथे अनोळखी नाही आणि उन्हाची तर वाण नाहीच. तरीही संग्राहकांत यावर मतभेद आहेत, कारण उजळलेले प्लास्टिक काही वर्षांत पुन्हा पिवळे पडते, क्वचित ठिसूळही होते. पिवळेपणा हा पितळेवरच्या काळसरपणासारखा राहू द्यावा, हेच मत अधिक शहाणपणाचे वाटते.

यंत्र चालू झाल्यावर खरी गंमत ध्वनीपाशी सुरू होते. 1989 मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने आणलेल्या साउंड ब्लास्टर कार्डावर यामाहाची एक चिप होती, जी ध्वनीची नोंद वाजवीत नसे, तर एका तरंगाने दुसऱ्या तरंगाची वारंवारिता हलवून नवा स्वर घडवीत असे. या पद्धतीचा पाया स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी घातला होता. त्यातून निघणारी बासरी बासरीसारखी नसते आणि तबला तर मुळीच नसतो, पण त्या काळच्या खेळांचे संगीत याच चिपसाठी रचलेले असल्यामुळे ते इतर कशावर वाजले की परके वाटते. या कार्डाला संगणकात जागा मिळवून देणे ही एक स्वतंत्र कला होती. कार्डाने कोणत्या पत्त्यावर बोलायचे, प्रोसेसरला हाक मारायला कोणती तार वापरायची आणि स्मृतीतून माहिती थेट उचलायला कोणता मार्ग घ्यायचा हे तिन्ही हाताने ठरवावे लागे. 220 हा पत्ता, 5 ही तार आणि 1 हा मार्ग ही त्रयी त्या पिढीतल्या जाणकारांना अजूनही तोंडपाठ असते. त्यातच डॉसच्या 640 केबी स्मृतीत सीडीचा, माउसचा आणि ध्वनीचा चालक बसवून खेळासाठी जागा उरवायची असे. मुंबईच्या लोकलच्या डब्यात चौथी सीट काढण्याचे कौशल्य ज्याच्याकडे होते त्याला हे काम सहज जमावे.

‘मल्टिमीडिया’ या शब्दातला चलच्चित्राचा भाग भारतात व्हीसीडीने गाजवला. 1993 च्या या प्रमाणकात एका सीडीवर सुमारे 74 मिनिटांचे चित्रण मावत असल्याने तीन तासांच्या हिंदी चित्रपटाला तीन सीड्या लागत, आणि नायकाचे गाणे कितव्या सीडीवर आहे हे प्रेक्षकांना पाठ होई. मध्यंतर दोन वेळा होत असे, एवढाच त्याचा तोटा.

या यंत्रांचे मराठी भाषकांच्या दृष्टीने असलेले मोल यापेक्षा गंभीर आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली मोठी मराठी वस्ती आहे आणि महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही सुरतेत आहेत. अशा वस्तीच्या लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका ज्या काळात संगणकावर येऊ लागल्या त्या काळात युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांसाठीची जागतिक संकेतप्रणाली सामान्य संगणकावर पोहोचलेली नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने पुढे आणलेले जिस्ट कार्ड हे खाचेत बसवायचे कार्ड असून त्याने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली. पुढे विंडोजवर श्रीलिपीसारखी पॅकेजे आली, ज्यांत प्रत्येक अक्षराचा संकेत त्या-त्या फॉन्टच्या आखणीनुसार ठरलेला असे. अशा फायली आजच्या संगणकात उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. काहींसाठी रूपांतराची साधने आहेत, पण जोडाक्षरे अनेकदा मोडतात, आणि काही पॅकेजे समांतर पोर्टला लावायच्या कुलपाशिवाय, ज्याला डोंगल म्हणतात त्याशिवाय, चालतच नाहीत. जुने यंत्र, जुना फॉन्ट आणि जुने कुलूप तिन्ही जागेवर असतील तरच तो मजकूर जसाच्या तसा वाचता येतो. म्हणून भंगारात निघालेल्या 486 मध्ये खाचेत जिस्ट कार्ड दिसले तर साउंड कार्डाआधी ते जपावे.

फ्लॉपी ड्राइव्हच्या प्रश्नावर सुरतेने एक अनपेक्षित उत्तर दिले आहे. संगणकीकृत भरतकामाच्या यंत्रांत नक्षी घालण्यासाठी पूर्वी फ्लॉपी वापरली जाई. फ्लॉपी दुर्मीळ झाल्यावर तिच्या जागी बसणारा आणि पेनड्राइव्हवरच्या फायली फ्लॉपी असल्याचे भासवणारा गोटेक नावाचा चिनी भाग या यंत्रांसाठी तयार झाला. जगभरचे संग्राहक आज हाच भाग आपल्या अमिगांत आणि पीसींत बसवतात, त्यातली आज्ञावली बदलून. सुरतेच्या संग्राहकाला तो परदेशातून मागवायची गरज नसते; भरतकामाच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्याकडे चौकशी केली तरी भागते.

हा भाग बसवला की यंत्र अस्सल उरले का, हा वाद इथे निकालात निघत नाही, पण त्याचा रोख बदलतो. जे यंत्र पहिल्या दिवसापासून चार ठिकाणच्या भागांनी बनले, ज्यात किट नंतर आले आणि ज्याची हार्ड डिस्क दोन वेळा बदलली, त्यात मूळ अवस्था म्हणजे नेमके कोणत्या दिवसाची अवस्था, हे ठरवणे अशक्य असते. रफू लपवायचे असते आणि ठिगळ दिसू द्यायचे असते. जुन्या संगणकाच्या बाबतीत ठिगळच प्रामाणिक ठरते. म्हणून काळजी घेणारे कारागीर काढलेला जुना ड्राइव्ह फेकत नाहीत, कापडी पिशवीत घालून यंत्राबरोबरच ठेवतात, आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवतात: बॅटरी कधी काढली, कोणत्या रेषा जोडल्या, साउंड कार्डाची तार पाचवरून सातवर का नेली. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्याने त्याच चिठ्ठीखाली आपली ओळ लिहायची असते, आणि जागा संपली तर शेजारी दुसरी चिठ्ठी लावायची असते.