आईची टाच, वजा २.७

कॉन्व्हेंटमध्ये मराठी आमची थर्ड लँग्वेज होती, तेव्हा शुद्धलेखन संपादक मंडळाच्या हवाली! पण इंग्लिश सेक्शनला दिला असता तर हा लेख आईला वाचता आला नसता, आणि तो तिच्याबद्दलच आहे.

मागच्या वर्षी आमच्या गावात बायकांसाठी हाडांच्या तपासणीचं फुकट शिबिर झालं. आईने टाच मशीनमध्ये ठेवली, थोड्याच वेळात चिठ्ठी हातात: टी-स्कोअर वजा २.७. तिथल्या माणसाने "हाडं पार ठिसूळ झालीत" असं सांगून गोळ्यांचा डबा विकला. (फुकट म्हणे!) आमची आजी बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, ती पुन्हा उठलीच नाही. ते सगळं आईनेच काढलेलं. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून तिचं सकाळचं फिरणं बंद. फोनवर म्हणते, "अगं, पडले तर मला कोण उचलणार?"

मी लायब्ररीत जाऊन बसले. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी बायकांच्या सरासरीपासून आपण किती स्टँडर्ड डेव्हिएशन लांब आहोत ते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये वजा २.५ ची रेषा आखली, ती हाडांतल्या खनिजाच्या घनतेसाठी. ती मोजतात डेक्सा नावाच्या एक्स-रे तपासणीने, मुख्यतः खुब्यात आणि कण्यात. टाचेचं मशीन घनता मोजतच नाही! हाडातून अल्ट्रासाउंड किती वेगाने गेला आणि किती विरला, एवढंच ते बघतं. त्यावरून धोक्याचा अंदाज येतो, मान्य. पण त्याला तीच रेषा लावायची म्हणजे व्होल्टमीटरचं रीडिंग अँपिअरमध्ये लिहिण्यासारखं झालं.

डेक्सा तरी काय, सावलीच. ग्रॅम भागिले चौरस सेंटिमीटर, जाडीचा हिशोब नाही. म्हणून आईसारख्या लहान चणीच्या बायकांची हाडं त्यात आहेत त्याहून विरळ दिसू शकतात. खरी घनता मोजणारं पीक्यूसीटी नावाचं यंत्र आहे, पण ते बहुतेक संशोधनातच वापरतात. पाय गोल कड्यात घालायचा आणि घोट्याकडून नडगीच्या ४ टक्के लांबीवर एक छेद घ्यायचा, ३८ टक्क्यांवर दुसरा. पहिल्यात स्पंजसारखं जाळीदार हाड दिसतं, दुसऱ्यात जाड भिंतीची नळी. एसओएमच्या तासाचा होलो शाफ्टच की! तेवढंच मटेरियल मध्यापासून लांब असेल तर नळी जास्त दणकट.

आणि हाड टिकतं ते भारावर. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड वर असताना महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतं. आणि आमची आई फिरणं सोडून बसलेली!

दिवाळीत तिला जिल्ह्याच्या गावी नेऊन डेक्सा केली. खुब्यात वजा १.६, कण्यात वजा १.९. "कमी आहे, पण ऑस्टिओपोरोसिस नाही. रोज चाला," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आईने तीनदा विचारून खात्री करून घेतली. आता पहाटे साडेपाचला ती पप्पांनाही उठवून बरोबर नेते. परवा त्यांचा फोन आला होता, माझ्यावर जाम वैतागलेत!