दुधाचा पेला आणि भाऊजींचा फोन

दर शनिवारी रात्री साडेआठला आमच्या भाऊजींचा टोरांटोहून व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. सासूबाई आठपासूनच चष्मा पुसून, पदर सारखा करून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात.

पण दिवाळीनंतर काय झालं कोण जाणे, ऐन गप्पांत भाऊजींचा चेहरा थिजायचा. तोंड उघडं ते उघडंच! दोन मिनिटांनी सगळं सुरळीत. ह्यांनी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. तो आला तेव्हा मेलं सगळं छान चालत होतं! शेवटी हे म्हणाले, "राउटरच नवीन आणू."

मला चिंता वेगळीच होती. एके रात्री सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, 'कधी येतोस' असं विचारलं, की तो गप्पच होतो. आता नाही विचारायचं." पुढच्या शनिवारी डोकं दुखतंय म्हणून त्या लवकर निजल्या. माझ्या पोटात कालवलं.

मग मी दुधाचा हिशेब लिहिते त्याच कॅलेंडरवर, फोन कधी अडकतो ते टिपू लागले. पावणेनऊ, पावणेनऊ, नऊला दहा कमी. आणि एकदम लक्षात आलं, ही तर सासूबाईंच्या दुधाची वेळ! दिवाळीत हौसेनं घेतलेल्या मायक्रोवेव्हमध्ये मी तेव्हा त्यांचा पेला गरम करायला ठेवत असे. आणि राउटर कुठे, तर शेजारच्याच फ्रिजवर, भिंतीतलं बटण तिथे म्हणून!

भाचा इंजिनिअर आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मामी, बरोबर पकडलंस." मायक्रोवेव्ह साधारण 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा एक पट्टा 2.4 चा. भट्टीतून निसटणारी थोडीशी लहर आपल्याला अपाय करत नाही, पण मिक्सर चालू असताना कुजबुज ऐकू येऊ नये, तशी राउटरची गत होते.

मग राउटर दिवाणखान्यात, कपाटावर उघड्या जागी नेला. फ्रिज, स्टीलची मांडणी, मोठा आरसा यांच्या आड तो ठेवू नये. मोबाइलमध्ये आमच्या वायफायची दोन नावं दिसतात, त्यांतलं 5 गिगाहर्ट्झचं निवडलं. ते भिंतीपलीकडे तितकंसं पोचत नाही, पण त्याच खोलीत बसलं तर छान चालतं, नि मायक्रोवेव्ह त्याच्या आड येत नाही. मात्र मैत्रिणींनो, फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला, तर बिघाड बाहेरून येणाऱ्या तारेत समजावा. तार कुठे मुडपली नाही ना, एवढं पाहावं आणि सरळ तक्रार नोंदवावी.

त्या शनिवारी सासूबाईंना मी आग्रहानं दिवाणखान्यात आणून बसवलं. बोलता बोलता न राहवून त्यांनी विचारलंच, "कधी येतोस रे?"

"अगं आई, तीनदा सांगितलं, मेमध्ये येतोय म्हणून! तूच काही बोलत नव्हतीस!"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दूध त्या रात्री मी गॅसवर तापवलं, तेही फोन झाल्यावर.